कॅमेऱ्याची गवसणी

आपल्या भाषेत ‘गवसणी’ हा एक फार देखणा शब्द आहे. आता तो बहुधा ‘आकाशाला गवसणी’ एवढ्यापुरताच उरला आहे. पण मुळात गवसणी म्हणजे वस्तूच्या अंगाबरोबर बेतलेलं कापडी आवरण. तंबोऱ्याला गवसणी असते, कीर्तनातल्या वीणेला असते. पिशवीत वस्तू टाकतात. गवसणी मात्र वस्तूला घालतात, लेकराला अंगडं घालावं तशी.

घरात आलेल्या वस्तूला कपडे चढवायची हौस आपल्याला जुनीच. रेडिओवर क्रोशाचा रुमाल, टीव्हीवर भरतकाम केलेला पडदा, मिक्सरला झालरीचं कव्हर, शिवणयंत्रावर जुन्या चादरीचा तुकडा. वस्तू पैशानं घरात येते. पण ती घरची होते ती असा कापडाचा एखादा तुकडा अंगावर पडल्यावरच.

कॅमेरा तेवढा याला अपवाद राहिला. बडोद्याला तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा कितीतरी मध्यमवर्गीय घरांतला पहिला कॅमेरा. १२० चा रोल, त्यात बारा फोटो, आणि तेही मोजूनमापून, सगळ्यांना रांगेत उभं करून काढायचे. तेव्हापासून कॅमेरा म्हटला की त्याचं चामड्याचं घर आलंच. घरातल्या बायकांनी त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. आता फोटो फोनवर निघतात, तरी कॅमेरा काही संपलेला नाही. लग्नाचे फोटो काढणारे आहेत, वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार आहेत, आणि आजोबांच्या ट्रंकेतला रोलचा कॅमेरा हौसेनं बाहेर काढणारी कॉलेजातली पोरंही आहेत. या सगळ्यांना एक साधी गोष्ट हवी असते : कॅमेऱ्याच्या मापाची, मऊ, भरलेली, कापडी गवसणी. ती घरी शिवता येते. आणि आपल्या मराठवाड्यातल्या बायकांना तर ती शिवायला नव्यानं काही शिकावंच लागत नाही.

मी नांदेडची, दिलेली लातूरला. शिवणक्लास चालवून तीस वर्षं होत आली. माझा भाचा नांदेडला असतो आणि लग्नाचे फोटो काढतो. लग्नसराईत आज नांदेड, उद्या लातूर, परवा मध्येच कुठंतरी अहमदपूर नाहीतर चाकूर. दीडशे किलोमीटरच्या आसपासची ती वाट तो मोटारसायकलवरच तुडवतो. कॅमेरा हप्त्यांवर घेतलेला. हप्ता चुकला तरी चालेल, पण कॅमेरा चुकता कामा नये, अशी त्याची गत. दोन वर्षांपूर्वी तो आला आणि म्हणाला, ‘‘आत्या, दुकानातल्या पिशव्या एक तर सुटकेसएवढ्या, नाहीतर नुसत्याच दिखाऊ. जुन्या पिशवीतल्या स्पंजाचा भुगा होऊन कॅमेऱ्याला चिकटायलाय. तू अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवतेस, माझ्या कॅमेऱ्याला एक अंगडं शिव की!’’

आढी, शिंकं आणि गोधडी

पोरगं चेष्टेत बोललं, पण मी मनावर घेतलं. कॅमेऱ्याला प्रवासात शत्रू तीन : धक्का, धूळ आणि ऊन. तिन्ही आपल्याकडे मुबलक आहेत.

धक्क्याचं शास्त्र आपल्या घरात आहेच. कैऱ्या पिकत घालताना आपण गवताची आढी करतो. कुंभार मडकी नेताना मध्ये पेंढा भरतो. धक्का नाहीसा करता येत नाही, तो फक्त लांबवता येतो. एका क्षणात आदळायचा तो जरा हळू, जरा पसरून बसला की वस्तू वाचते. गादी, उशी, गोधडी हे सगळं त्याच जातीचं काम करतं.

मग भरायचं काय? पहिला विचार साहजिकच कापसाचा येतो. आपण कापसाच्या मुलखातले. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं ‘एनएचएच-४४’ हे संकरित वाण शेतकऱ्यांच्या तोंडी ‘नांदेड-४४’ म्हणून रुळलं. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा तो टणत्कार ऐकत आमची पिढी वाढली. तरीही सांगते, गवसणीत सुटा कापूस भरू नये. तो एका कोपऱ्यात गोळा होतो, त्याचे तंतू शिवणीतून बाहेर येऊन भिंगावर बसतात, आणि तिसरं कारण सगळ्यांत मोठं आहे, ते पुढे येईलच.

स्पंजाचं म्हणाल तर तो नवा असताना छान. पण काही वर्षांनी हवेतल्या ओलाव्यानं चिकट होतो आणि त्याची भुकटी पडते. भाच्याच्या पिशवीचं तेच झालं होतं.

उरते गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, बोटाबोटाच्या अंतरावर धावदोरा घालत गेलं की चार पातळ कापडांचं एक जाड, लवचीक कापड होतं. त्या टाक्यांचं काम नक्षीचं नसतं. एकही थर आपल्या जागेवरून हलू नये म्हणून ते टाके असतात. माझी आई कडेकडेनं सुरुवात करून आत आत येत गोधडी भरायची. कितीही धुतली, आपटली तरी तिचे थर सरकले नाहीत. नांदेड जिल्ह्यातल्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांच्या पिशव्या बघा. थरांवर दाट टाके घातलेले, वर कवड्या आणि आरसे. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवरून मालाची ने-आण करणारा हा समाज. प्रवासाची पिशवी कशी असावी हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. कवड्या-आरसे मात्र कॅमेऱ्याच्या गवसणीला नकोत. जे ओरखडतं ते नको.

वरच्या अंगाला मी जाड खादी घेतली. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीर केंद्रात राष्ट्रध्वजाचं कापड विणलं जातं आणि नांदेडला त्याचे ध्वज तयार होतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतं. लातूर जिल्ह्यात विणायचं आणि नांदेडला शिवायचं, ही वहिवाट जुनीच म्हणायची! जाड खादी नसेल तर कॅनव्हास किंवा जुन्या जीनचं कापडही चालतं. रंग मात्र फिका असावा. काळी पिशवी उन्हात जास्त तापते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वरच असतो.

आतल्या अस्तराला पन्नास वेळा धुतलेलं जुनं सुती लुगडं हवं. नव्या कापडाला खळ असते. नवं मांजरपाट घेतलंच तर दोन-तीनदा गरम पाण्यातून काढून, खळ पूर्ण जाईपर्यंत धुवावं. ही खळ म्हणजे पिठूळ पदार्थ. कसरीचं ते खाद्य आणि बुरशीचंही. घरच्या कपड्यांना चुकून कांजी घालतो तशी इथं अजिबात घालू नये.

आधी गोधडी, मग कात्री

शिवणं जाणणाऱ्या वाचकभगिनींसाठी मापं देते. आमच्या भाच्याचा कॅमेरा भिंगासकट ५ इंच रुंद, ४ इंच उंच आणि ६ इंच खोल भरला. गवसणीच्या जाडीसाठी प्रत्येक मापात एक इंच वाढवला : ६, ५ आणि ७. आता एक लांब पट्टी कल्पना करा. ती पुढून सुरू होते, तळाखालून मागे जाते, वर चढते आणि झाकण होऊन पुन्हा पुढे उतरते. पुढची बाजू ५, तळ ७, पाठ ५, माथा ७ आणि पुढे उतरणारं झाकण ३, अशी २७ इंच लांबी, रुंदी ६. शिवणीसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच धरून पट्टी झाली २८ बाय ७. दोन्ही कुशींचे तुकडे शिवणीसकट ८ बाय ६.

ही मापं थेट कापायची नाहीत. टाके पडले की कापड आवळतं, मापात तुटीचं येतं. म्हणून आधी साधारण ३२ बाय १७ इंचांचा एक सबंध तुकडा घ्यायचा. खाली अस्तर, मध्ये जुन्या लुगड्याचे किंवा विरलेल्या ब्लँकेटचे दोन-तीन थर, वर खादी. कच्चा दोरा घालून सगळे थर एकत्र टाचायचे आणि मग बोटभर अंतरानं धावदोरा भरायचा. गोधडी पूर्ण झाली की तिच्यावर खडूनं आखायचं आणि मग कात्री लावायची. तळाला एक जास्तीचा थर शेवटी आतून लावायचा, कारण पिशवी खाली ठेवताना सगळा भार तिथंच आदळतो.

मशीनवर शिवायचं तर १६ किंवा १८ नंबरची सुई लावावी, टीप मोठी ठेवावी आणि घाई करू नये. चार शिवणी जिथं मिळतात तिथं सुई मोडते. त्या जागी शिवणीतलं जादा कापड आतून छाटावं आणि शिवण वरवंट्यानं हलकेच ठेचून चपटी करावी. कडांना मगजी लावली की सुतं निघत नाहीत. बंद करायला चेन नको, तिचे दात कॅमेऱ्याला ओरखडतात. लाकडी बटण आणि कापडी फासा पुरे. वेलक्रो सोयीचा खरा, पण मंगलाष्टकं चालू असताना त्याचा ‘खर्र’ आवाज झाला की सगळा मांडव वळून बघतो, असं भाच्याचं म्हणणं.

आता पट्टा. बहुतेक पिशव्या फाटतात त्या पट्ट्याच्या मुळाशी. कॅमेरा नि भिंग मिळून किलो-दीड किलोचं वजन. मोटारसायकल खड्ड्यात गेली की तेच ओझं क्षणभर कितीतरी पटींनी ओढतं. म्हणून पट्टा तोंडाशी शिवून सोडू नये. शिंकं आठवा. शिंकं मडक्याचा गळा धरत नाही, ते मडक्याला खालून उचलतं. नवारीची लांब पट्टी तळाखालून घेऊन दोन्ही कुशींवर शिवत वर आणली, की भार शिवणीवर येत नाही, तळावर येतो.

गवसणी झाली. भाचा तीच घेऊन त्या वर्षी माळेगावच्या यात्रेला गेला. नांदेड-लातूर रस्त्यावरची, लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा. घोड्यांचा, गाढवांचा बाजार, लाखोंची पावलं आणि काळ्या मातीची ती पिठासारखी धूळ. मी त्याला एकच सांगितलं होतं : उघडण्याआधी गवसणी बाहेरून झटकायची, मग हात पुसायचे, मग बटण काढायचं. ज्या पिशवीनं धूळ अडवली, तीच धूळ घाईनं उघडताना आत सांडते.

जपणूक नडते तेव्हा

इथवरचं सगळं वाटेवरचं झालं. आता मुक्कामाचं सांगायचं आहे, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

माझे वडील नांदेडला शाळेत शिक्षक होते. फोटोचा नाद मोठा. त्यांचा एक जपानी बनावटीचा कॅमेरा होता. त्याला जाड चामड्याचं, आतून मखमल लावलेलं घर होतं. काम झालं की कॅमेरा पुसायचा, चामड्याच्या घरात घालायचा, ते घर फडक्यात गुंडाळायचं आणि ट्रंकेत ठेवायचं. ट्रंक पलंगाखाली. आम्हा भावंडांना शिवायचीसुद्धा परवानगी नव्हती. त्या कॅमेऱ्याइतकी जपलेली वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती.

माझ्या सासरच्या नात्यात औसा तालुक्यात कार्य असलं की वडिलांना कॅमेऱ्यासकट बोलावणं असायचं. १९८८ साली एका लग्नात आणि १९९२ साली त्याच घरातल्या एका जावळात त्यांनी फोटो काढले होते. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट उजाडली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावर मातीचं जड माळवद. घरं माणसांवरच बसली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून हजारो माणसं झोपेतच गेली. ज्या भिंतींवर फोटो लावलेले होते, त्या भिंतीच राहिल्या नाहीत.

त्या दिवाळीनंतर त्या घरातले एक गृहस्थ आमच्याकडे आले. नोकरीला बाहेरगावी होते म्हणून ते वाचले. बायको आणि लहानगी मुलगी गेली. घरात एकही फोटो उरला नव्हता. ‘‘तुमच्या वडिलांकडे निगेटिव्ह असतील,’’ एवढंच म्हणाले. होत्या. वडील प्रत्येक निगेटिव्ह तारीख घालून ठेवत. १९८८ च्या लग्नातल्या फोटोतून बायकोचा चेहरा मोठा करून मिळाला, अगदी स्वच्छ, कपाळावरच्या मुंडावळ्यांच्या मोत्यांसकट. मुलगी मात्र फक्त १९९२ च्या रोलमध्ये होती. तो सगळा रोल मलमलीच्या पडद्याआडून काढल्यासारखा धुरकट आला होता. स्टुडिओवाल्यानं चेहरा जितका मोठा केला, तितका तो पुसट होत गेला. गृहस्थांनी तोच फोटो घेतला, घडी पडणार नाही असा वहीत ठेवला आणि गेले. तक्रारीचा शब्दही नाही.

वडिलांना मात्र ते लागलं. ते कॅमेरा घेऊन हैदराबादला एका जुन्या कारागिराकडे गेले. त्यानं भिंग काढून दिव्यासमोर धरलं. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले होते. बुरशी. ती नुसती बसत नाही. तिच्यातून पाझरणारी आम्लं काचेवरचा मुलामा खातात, आणि पुसून काढली तरी तिचा डाग राहतो. वडील म्हणाले, ‘‘अहो, हा तर मी कधी उघड्यावर ठेवलाच नाही.’’ कारागीर म्हणाला, ‘‘तेच झालं. पाडला असता तर दुरुस्त करून दिला असता.’’

मुक्कामाला मोकळं

बुरशीला फार काही लागत नाही. अंधार, कोंडलेली हवा, थोडी धूळ किंवा बोटाचा तेलकट ठसा, आणि ओलावा. हवेतली आर्द्रता बराच काळ साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की ती रुजते. मराठवाडा कोरडा मुलूख म्हणून आपण निर्धास्त असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ओलाव्याची कसली भीती? पण पाऊस थोडा असला तरी जुलै ते सप्टेंबरची हवा दमट असतेच, आणि ट्रंकेत, चामड्यात, मखमलीत शिरलेला ओलावा लवकर बाहेर पडत नाही. कापूसही त्यातलाच. साध्या हवेतूनच तो आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून ठेवतो. सुटा कापूस नको म्हणण्याचं तिसरं कारण ते हेच.

म्हणजे मी एवढ्या कौतुकानं सांगितलेली गोधडीची गवसणीही घर म्हणून वापरली तर तेच करणार. म्हणून शिवून दिली तेव्हा भाच्याला तिच्याबरोबर एक नियमही दिला : गवसणी वाटेसाठी. मुक्कामाला पोचलास की कॅमेरा बाहेर.

उन्हाळ्या-हिवाळ्यात कॅमेरा हवेशीर, उजेडाच्या कपाटात मोकळा ठेवावा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. रंग बदलणारे खडे मिळतात. निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे झाले की ते ओलावा पिऊन भरले असं समजावं. स्वयंपाकात न वापरायच्या एखाद्या जुन्या पत्र्यावर मंद आचेवर तापवले की ते पुन्हा कामाला येतात. डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, त्यांची वाफ काचेवर बसते. आठवड्यातून एकदा कॅमेरा हातात घ्यावा, चार-दोन वेळा कळ दाबावी, उजेडात अर्धा तास ठेवावा. भिंगाचं तोंड मात्र सूर्याकडे करू नये. भिंगातून ऊन एकवटलं तर आतला पडदा जळतो. गवसणी मोकळी करून, उलटी करून कडक उन्हात टाकावी. गोधड्यांना आपण ऊन दाखवतो, तसंच.

आमच्या क्लासमध्ये आता ब्लाउज, परकर यांच्या जोडीला ही गवसणीही शिकवते. मुली पटकन शिकतात, कारण धावदोरा त्यांच्या हातात आधीपासून असतो. कुणी भावासाठी शिवतं, कुणी ओळखीच्या फोटोवाल्यासाठी मापं घेऊन येतं. शिवून झाली की मी प्रत्येकीला झाकणाच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्यानं तीनच शब्द भरायला लावते : ‘घरी आलास, काढ.’ मुली हसतात, पण भरतात.

तुमच्या घरात कुठल्याशा ट्रंकेत, माळ्यावर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात एखादा कॅमेरा असेल. वडिलांचा असेल, काकांचा असेल. फार जपून ठेवला असेल, तर आधी त्याचीच काळजी करा. तो खाली काढा, घरातून बाहेर काढा, भिंगात टॉर्चचा उजेड टाकून बघा. आत जाळं नसेल तर त्याला खिडकीपाशी ठेवा. आणि मग निवांत बसून त्याच्यासाठी जुन्या लुगड्यातलं एखादं मऊ कापड शोधा.